दुपारनंतर काही नाही

नांदेडजवळच्या एका विहारात दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर करून हे परत आले ते डोक्याचा गोटा करून. मे महिना होता. लातूरच्या स्टँडवरून रिक्षानं आले, दारात चपला काढल्या, पाण्याचा तांब्या घटाघटा प्यायले आणि मला म्हणाले, "आजपासून दुपारी बारानंतर मी जेवणार न्हाई."

मी शिवणयंत्रावर होते. आमच्या पुढच्या खोलीत माझं ब्लाऊज-ड्रेस शिवण्याचं दुकान आहे. पाय न थांबवता मी विचारलं, "किती दिवस?"

"किती दिवस म्हंजे? आता हेच चालू ठेवायचं."

शिबिरात आपल्यासारखी घरदारवाली माणसं काही दिवस चीवर घालून भिक्खूंसारखी राहतात. दहा शील पाळतात. त्यातलं एक, अवेळी भोजन करायचं नाही. सकाळी न्याहारी, बाराच्या आत एक जेवण, आणि मग दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत पाणी, नाहीतर लिंबाचं सरबत, बिनदुधाचा चहा. यांना ते फार भावलं होतं. पण नुसता धम्माचा विचार त्यामागं नव्हता हे मला माहीत होतं. शिबिराला जायच्या आधी ऑफिसात सगळ्यांची तपासणी झाली होती. यांची साखर काठावर निघाली आणि लिव्हरवर चरबी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजन उतरवा, नाहीतर गोळ्या सुरू कराव्या लागतील.

हे रेणापूरच्या भूमापन ऑफिसात. लोकांच्या शेताची मोजणी करायची, हद्दी दाखवायच्या, नकाशा करायचा. मोजणीला गेलं की शेतवाले जेवायला घातल्याशिवाय सोडत नाहीत. नको म्हटलं तर राग येतो त्यांना. दुपारी तीनला कुठं बांधावर भाकरी-ठेचा नि मटण, परत घरी आल्यावर माझ्या हातचं. पोट असं सुटलं होतं की वाकून चपलेचा पट्टा लावताना यांना धाप लागायची.

म्हणून मी विरोध केला नाही. उलट म्हटलं, मीही करते. माझेही गुडघे दुखत होते, आणि खरं सांगायचं तर एक वेळचा स्वयंपाक सुटत होता.

पहिला आठवडा वाईट गेला. दुपारी चारच्या सुमाराला डोकं ठणकायचं. सुईत दोरा ओवताना बोटं थरथरायची. दिवेलागणीला शेजारच्या घरातून लसणाच्या फोडणीचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं आणि उगीचच सगळ्यांचा राग यायचा. आंबट ढेकर यायचे. मग हळूहळू अंगाला सवय झाली. भूक तिच्या नेहमीच्या वेळेला यायची, थोडा वेळ रेंगाळायची आणि निघून जायची. तिच्याकडं लक्ष दिलं नाही तर ती जाते, हे मला तोवर माहीत नव्हतं. झोप गाढ लागायला लागली. सकाळी उठलं की तोंडाला चव असायची. यंत्राचं पायडल मारताना गुडघा हलका वाटायला लागला. पावसाळा लागेपर्यंत माझं वजन थोडं उतरलं, आणि मग तिथंच थांबलं.

यांचं थांबलं नाही.

सुरुवातीला ते छानच वाटत होतं. पावसाळ्यातला वर्षावास सुरू झाला तेव्हा यांच्या पोटाचा घेर निम्म्यावर आला होता. त्या तीन महिन्यांत आम्ही रोज संध्याकाळी विहारात जायचो, तिथं ज्याला त्याला यांचं कौतुक. मधे रक्त तपासून आणलं तर साखर एकदम चांगली. डॉक्टर खूश झाले, म्हणाले, हेच चालू ठेवा. मुलगी पुण्यात नोकरीला आहे. ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "पप्पा, किती फिट दिसताय तुम्ही. कॉलेजातला फोटो वाटतोय."

मग लोक विचारायला यायला लागले. ऑफिसातले, गल्लीतले, विहारातले. हे बैठकीत बसून सांगायचे, मी कापड कापता कापता ऐकायची. रात्रभर पोट रिकामं राहिलं की साठवलेली चरबी जळते. आतड्याला विश्रांती मिळते. शरीर आतली मोडतोड आपली आपण दुरुस्त करतं. यातलं काही यांनी शिबिरात ऐकलेलं, काही मोबाईलवर पाहिलेलं. सांगताना यांचा चेहरा उजळायचा. बोलणं भराभर व्हायचं. पूर्वी हे मोजकं बोलणारे. मला वाटायचं, बरं झालं, माणूस खुलला.

मी यांच्या पँटी आत घेत होते. कमरेत, मग मांडीत, मग पुन्हा कमरेत. एक वेळ अशी आली की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना टेकायला लागले. त्या दिवशी मी पँट हातात धरून बराच वेळ बसले. माझ्या मनात पहिल्यांदा काहीतरी गार पडलं.

कारण असं की मी एकदा माणूस असा उतरताना पाहिलेला आहे. माझं माहेर भोकरकडचं. मी शाळेत होते तेव्हा माझे वडील बारीक व्हायला लागले. पोटात जळजळतं म्हणून ते एक वेळचं जेवण सोडायचे. गावातले लोक म्हणायचे, कसे चपळ झालेत, पोरासारखे दिसून राहिलेत. आईही हसायची. पोटात गाठ आहे हे कळलं तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की घरी न्या. त्या दिवशी आईचा चेहरा कसा झाला होता तो मी कधी विसरले नाही. पण ही गोष्ट मी यांना लग्नानंतर एकदाच सांगितली होती, आणि आता पुन्हा काढायची माझी हिंमत नव्हती. तोंडातून काढलं तर खरं होईल अशी भीती वाटायची.

मी पाहायला लागले. चोरून, जशी एखादी बाई नवऱ्यावर संशय घेऊन पाहते तशी. आम्ही दोघं एकाच वेळी, एकाच भांड्यातलं जेवत होतो. उलट हे माझ्यापेक्षा जास्त जेवायचे. ऑफिसात अकराला उघडायचे तो डबा चार भाकरींचा, आणि रिकामा परत यायचा. सुट्टीला घरी असले की वाढलेला भात पुसून खायचे. तरी वजन उतरतच होतं. उपवास दोघांचा सारखा होता. मग माझं थांबलं आणि यांचं का थांबत नाही? हा हिशोब मला जमत नव्हता. रोज यंत्रावर बसले की तोच प्रश्न डोक्यात फिरायचा.

दसरा गेला, दिवाळी गेली, थंडी पडली. आमच्याकडं पहाटे चांगली हुडहुडी भरते. मी दोन गोधड्या घेऊन झोपायची आणि यांना पंखा लागायचा. "उपासानं अंगातली आग वाढली," असं हे म्हणायचे. पहाटे चारला उठून बसायचे. "झोप कमी लागते आता, शरीर शुद्ध झालंय." हात थरथरायचे. "सकाळी काही खाल्लं न्हाई अजून, म्हणून." बारीक चेहऱ्यात डोळे मोठे दिसायला लागले होते. त्याचंही कारण तयार होतं, गाल गेले की डोळे दिसतातच. मी काहीही दाखवलं की यांच्याकडं त्याचं उत्तर असायचं आणि ते उत्तर उपवासाचंच असायचं.

एका सकाळी आम्ही ध्यानाला बसलो होतो. हे समोर, पातळ बनियनवर. मी डोळे मिटायच्या ऐवजी यांच्याकडं पाहत होते. बनियन छातीवर हलत होतं. श्वासानं हलतं तसं नाही. आत कुणी भराभर ठोकतंय तसं, आणि मधेच एखादा ठोका चुकल्यासारखं.

त्या दिवशी मी बोललेच. "अहो, डॉक्टरकडं जाऊन येऊ. मला तुमचं काही बरं दिसत न्हाई."

"काय बरं दिसत न्हाई?"

"लई बारीक झालात."

"त्यासाठीच तर करून राहिलो सगळं."

"पण माझं थांबलं ना. आपण दोघं एकच खातो."

यांनी हातातला कप इतक्या जोरात खाली ठेवला की कान तुटला. "सगळं गाव चांगलं म्हणून राहिलंय आणि तुला एकटीला वाईट दिसतंय. घरात बसून नुसत्या कुशंका काढायच्या."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे माझ्यावर कधी आवाज चढवून बोलले नव्हते. बोलून झाल्यावर यांनाच कसंतरी झालं असावं. फुटलेला कप उचलून हे बाहेर गेले. मी तिथंच उभी राहिले. ओरडण्याचं मला इतकं वाटलं नाही. हा माझा माणूस नाही, याच्या आत कुणीतरी दुसरं शिरलंय असं वाटलं, त्यानं मी जास्त घाबरले.

पुढच्या रविवारी आम्ही सासूबाईंना भेटायला गेलो. त्या किल्लारीजवळच्या खेड्यात धाकट्या दिराकडं राहतात, भूकंपानंतर सरकारनं बांधून दिलेल्या घरात. दिवाळीला त्या आमच्याकडं येऊ शकल्या नव्हत्या, त्यामुळं यांना पाहून बरेच महिने झाले होते. जीपमधून उतरून हे पुढं गेले तर ओट्यावर बसलेल्या सासूबाईंनी डोळ्यावर हात धरून पाहिलं आणि विचारलं, "कोण हाय?"

"मी हाय आई."

त्या यांना जवळ बसवून दंडावरून, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. दुपार कलल्यावर त्यांनी ताट वाढून आणलं. यांनी समजावून सांगितलं की आता जेवणार नाही, शील आहे. सासूबाई ताट घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"दुष्काळात आमी दिवसाचे दिवस उपाशी काढले," त्या म्हणाल्या. "कुणी न्हाई म्हणलं की तुमी लई चांगलं करून राहिलात. हाडं दिसाया लागली की माणूस चांगला दिसतो व्हय रे?"

"आई, ती उपासमार होती. हा उपास हाय. फरक हाय दोन्हीत."

"असंल फरक," त्या म्हणाल्या, आणि ताट आत घेऊन गेल्या. निघताना मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाल्या, "तू गप बसू नको."

"न्हाई बसणार, आत्या," मी म्हटलं. पण मी गप्पच बसले होते आणि पुढंही काही दिवस बसले. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, तुमच्या मिस्टरांसारखं आमच्यांना जमत नाही. मी मान हलवायची. मनात म्हणायची, तुमच्यांचं तेच बरं आहे.

जानेवारीत ऑफिसातल्या एकाच्या मुलीचं लग्न होतं. यांनी दसऱ्याला शिवलेला पांढरा शर्ट काढला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दरवर्षी मी यांना नवा पांढरा शर्ट शिवते. तो अंगात घातला तर खांदे खाली उतरलेले, छातीत दोन माणसं मावतील असा. पण वरचं बटण लागेना. हे आरशासमोर उभे राहून ओढत होते. मी जवळ जाऊन प्रयत्न केला. कॉलरची दोन टोकं जवळ येत नव्हती.

"कापड आटलं असंल," हे म्हणाले.

कापड आटलं नव्हतं. कापायच्या आधी प्रत्येक कापड मी भिजवून वाळवून घेते. आणि आटलं असतं तर सगळा शर्ट आटला असता, एकटी कॉलर कशी आटेल? मी बटण सोडलं. बोटं यांच्या गळ्याला लागली. समोर, कंठाच्या खाली, दोन्ही बाजूंना काहीतरी मऊ, भरलेलं होतं. बाकी सगळा माणूस वाळला होता आणि तेवढीच एक जागा वाढली होती.

गाठ. माझ्या डोक्यात दुसरा शब्दच आला नाही. गाठ.

"ऱ्हाऊ द्या, वरचं बटण उघडंच बरं दिसतं," मी म्हटलं. माझा आवाज मला लांबून आल्यासारखा ऐकू आला. हे लग्नाला गेले. मी यंत्रासमोर बसून राहिले, दिवसभर एक टाका घातला नाही. गिऱ्हाईक आलं तर उद्या या म्हणून सांगितलं. वडिलांचं शेवटचं दुखणं मला सारखं समोर दिसत होतं, वासासकट. मी ठरवत होते की आज हे आले की पाय धरायचे, पण दवाखान्यात न्यायचं. आणि त्याच वेळी मनात हेही येत होतं की न्यायचंच नाही, कुणी काही सांगायच्या आत जेवढे दिवस आहेत तेवढे असेच जाऊ द्यावेत. मला माझीच लाज वाटत होती. पण भीती असली की माणूस काहीही विचार करतो.

हे लग्नाहून आले ते दमलेले, चिडलेले. मी म्हटलं, उद्या बोलू.

दुसऱ्या दिवशी हे मोजणीला गेले. दुपारच्या आत यांच्यासोबतच्या शिपायाचा फोन आला. "ताई, घाबरू नका. साहेब बांधावर बसलेत. छातीत लई धडधडून राहिलंय म्हणतेत. आमी रेणापूरला दवाखान्यात घेऊन चाललो."

मी दुकान उघडं टाकून निघाले. शेजारणीनं मागं कुलूप लावलं असं मला नंतर कळलं. स्टँडवर जीप भरायची वाट पाहत थांबली होती, मी ड्रायव्हरला हात जोडले, तो माझा चेहरा पाहून तसाच निघाला. वाटेत दोन्ही बाजूंना तुरी, हरभरा, उसाच्या बैलगाड्या. सगळं रोजच्यासारखं चाललेलं होतं आणि ते मला सहन होत नव्हतं.

दवाखान्यात हे पलंगावर बसलेले होते. घामानं भिजलेले, कपाळाची शीर उडत होती. मला पाहून म्हणाले, "उगीच आलीस." आणि माझा हात धरला. यांचा हात गरम आणि ओला होता आणि पाखरू धरल्यासारखा थरथरत होता. तिथल्या डॉक्टरांनी छातीची ईसीजीची पट्टी काढली, पाहिली, पुन्हा काढली. म्हणाले, ठोके फार वेगात आहेत आणि एका लयीत नाहीत. लातूरला न्या, मी गाडी देतो.

गाडीत हे डोळे मिटून पडले होते. एकदा डोळे न उघडता म्हणाले, "तू म्हणली होतीस." मी म्हटलं, "बोलू नका."

लातूरच्या डॉक्टर वयानं माझ्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. त्यांनी घाई केली नाही. वजन कधीपासून उतरलं, झोप कशी, घाम किती, भूक कशी. हे प्रत्येक गोष्टीला "उपासामुळं" म्हणत होते आणि त्या मान हलवत लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "दोन्ही हात समोर धरा." हात पसरल्यावर त्यांनी त्यावर एक कागद ठेवला. कागद वाऱ्यात धरल्यासारखा फडफडायला लागला. खोलीत पंखा बंद होता. यांनी त्या कागदाकडं पाहिलं. मला वाटतं, यांना पहिल्यांदा तेव्हा कळलं. ज्या हातानं हे नकाशावर केसासारखी रेघ ओढायचे तो हात हा होता.

मग डॉक्टरांनी पाणी दिलं. "एक घोट घ्या आणि गिळा." त्या गळ्याकडं पाहत होत्या. मीही पाहत होते. घोट खाली गेला तशी ती फुगलेली जागा वर सरकली आणि पुन्हा खाली आली.

"ही गाठ हाय का, मॅडम?" मी विचारलं.

यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मला हे आधीपासून माहीत होतं, हे यांना त्या क्षणी समजलं.

"थायरॉइडची ग्रंथी सुजली आहे," त्या म्हणाल्या. "का, ते रक्त आणि गळ्याची सोनोग्राफी झाल्यावर सांगते. उद्या दुपारपर्यंत रिपोर्ट येतील."

"वाईट हाय का?"

"आज मी काहीच बोलत नाही. उद्या बोलू."

मला वाटलं आता त्या मला बाजूला बोलावतील. त्यांनी बोलावलं नाही, त्यावरूनही मी अर्थ काढत बसले. यांना दाखल करून घेतलं. छातीला तारा लावल्या. पलंगाच्या डोक्याशी पडद्यावर आकडे बदलत होते, आणि ते वर गेले की मी उठून उभी राहायची. मुलीला फोन केला तर तिनं एवढंच विचारलं, "मम्मी, मी येऊ का आत्ताच?" आणि मला हो म्हणताच आलं नाही, कारण हो म्हटलं तर ते तसं ठरलं असतं. ती न विचारता निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर रिपोर्ट घेऊन आल्या. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "कॅन्सरसारखं काही दिसत नाही. घाबरू नका." मी भिंतीला टेकले. पुढचं बोलणं मला मुलीनं नंतर पुन्हा समजावून सांगितलं. गळ्यातली ग्रंथी गरजेपेक्षा कितीतरी जास्त काम करत होती. त्यामुळं सगळं शरीर न थांबता जळत होतं. म्हणून वजन, म्हणून घाम, म्हणून थरथर, म्हणून तो चिडचिडेपणा, म्हणून हृदय असं धावत होतं. गोळ्यांनी ते आटोक्यात येतं, पण वेळ लागतो, आणि रक्त पुन्हा पुन्हा तपासावं लागतं.

"हे उपासानं झालं का?" यांनी विचारलं. यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

"नाही. उपवासानं असं होत नाही. सुरुवातीला वजन उतरलं, साखर सुधारली, तो उपवासाचाच फायदा असणार. पण नंतरचं उतरणं आजाराचं होतं. एरवी एवढं वजन उतरलं असतं तर तुम्ही केव्हाच आला असता. तुम्हाला वाटलं, उपवासानं उतरतंय. म्हणून उशीर झाला." मग म्हणाल्या, "आणखी उशीर झाला असता तर हृदयाला ते झेपलं नसतं. आता रक्त ठिकाणावर येईपर्यंत रिकाम्या पोटी राहायचं नाही. संध्याकाळी जेवायचंच."

घरी आलो त्या संध्याकाळी मी ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी केली. कित्येक महिन्यांनी त्या वेळी चूल पेटली होती. हे ताटावर बसले. घास मोडला आणि हातात धरून बसून राहिले.

"चोरी केल्यासारखं वाटून राहिलंय," हे म्हणाले.

मी समोर बसले होते. माझ्यापुढं ताट नव्हतं. मुलगी उठली, अजून एक ताट वाढून माझ्यापुढं ठेवलं, आणि म्हणाली, "मम्मी, तू आधी खा." मी घास घेतला. मग यांनी घेतला. थोडं जेवून हे उठले, पण जेवले.

दोन दिवसांनी यांनी विहारातल्या भंतेजींना फोन केला. मी शेजारीच होते. नियम मोडतोय हे सांगताना हे उभे राहिले होते, जसं काही ते समोर आहेत. भंतेजी पलीकडून म्हणाले, "शील शरीराला छळायला नाही घेतलेलं, उपासक. आजारी आहात तोवर जेवण औषध समजून घ्या." यांनी फोन धरूनच मान लववली. मग "साधू, साधू" म्हणाले आणि खाली बसले.

जे लोक यांच्याकडं विचारायला यायचे त्यांना हे आता टाळायला लागले. रस्त्यात कुणी भेटलं तर पलीकडून जायचे. एकदा मात्र गल्लीतला एक जण घरीच आला. त्यानं यांचं ऐकून उपवास सुरू केला होता आणि तो मधुमेहाच्या गोळ्या घेणारा माणूस. त्याला चक्कर यायला लागली होती. यांचा चेहरा पांढरा पडला. तसेच चपला घालून त्याला घेऊन डॉक्टरकडं गेले. त्याच्या गोळ्या कमी कराव्या लागल्या. परत आल्यावर मला म्हणाले, "त्याला काही झालं असतं म्हंजे?" त्या दिवशी हे भीत होते आणि मी यांना धीर देत होते.

आता वर्ष होत आलं. गोळ्या चालू आहेत. गळ्याची सूज उतरली, हात स्थिर झाला. मी पँटी पुन्हा सैल केल्या, आत दाबलेलं कापड मी कापून टाकलं नव्हतं. गेल्या तपासणीत थायरॉइड जवळजवळ ठिकाणावर आलं, पण साखर पुन्हा काठाकडं सरकलेली आहे. हे डॉक्टरांना हळूच म्हणाले, "मग पुन्हा सुरू करू का, मॅडम?" त्यांनी सांगितलं, दुपारनंतर एकदम काहीच नाही असं नको. संध्याकाळी लवकर जेवा, रात्री काही खाऊ नका, दर महिन्याला वजन करा आणि ते सांगा. हे लगेच हो म्हणाले. मला मात्र ते ऐकून पुन्हा तसंच गार वाटलं. डॉक्टरांचं बरोबर आहे हे मला पटतं. मी स्वतः पौर्णिमेला अजून तो उपवास करते आणि मला तो मानवतो. तरी कुणी दुकानात येऊन म्हणालं की काय हो, मिस्टर जरा बारीक वाटले काल, तर माझ्या हातातली कात्री थांबते.

परवा हे मोजणीवरून वेळेवर आले नाहीत. अंधार पडायला आला तरी फोन लागेना. मी दारात उभी राहिले, मग आत, मग पुन्हा दारात. शेवटी गाडीचा आवाज आला. हे उतरले. हात काळे, ओठ काळे.

"कुठं होतात?"

"हुरडा हो. आगटी पेटवून बसवलं शेतवाल्यानं, सोडलंच न्हाई. रेंज नव्हती तिथं."

"किती खाल्ला?"

"लई," हे म्हणाले, आणि ओशाळून हसले.

मी आत येऊन यंत्राच्या स्टुलावर बसले. यांचं हातपाय धुणं, चूळ भरणं सगळं ऐकू येत होतं. माझ्या छातीत धडधडत होतं, आणि ते थांबायला बराच वेळ लागला.